बाईंचं गाणं रिव्हर्समध्ये

बाई ऑफिसात शिरल्या तेव्हा जावईबापू टेबलावर पाय टाकून बसले होते, आणि पाय खाली घेण्याच्या घाईत त्यांनी कपभर चहा स्वतःच्या मांडीवर ओतून घेतला. ओरडायची सोय नव्हती. या बाईंनी त्यांना शाळेत गणित शिकवलं होतं, निदान तसा प्रामाणिक प्रयत्न तरी केला होता. त्यातलं गणित कधीच उडून गेलं, पण बाईंसमोर ओरडायचं नसतं एवढं मात्र डोक्यात पक्कं बसलं होतं. भाजलेली मांडी दाबत ते उठले आणि म्हणाले, "या बाई, या."

"बस," बाई म्हणाल्या.

जावईबापू बसले. खुर्ची त्यांची, ऑफिस त्यांचं, पण बसायची परवानगी बाईंची, यात दोघांनाही काही वावगं वाटलं नाही.

तसं ऑफिस 'त्यांचं' म्हणणंही जरा धाडसाचंच. गाणी प्रकाशित करायचा हा धंदा मुळात सासऱ्यांचा. कोणी लिहिलेलं, चाल लावलेलं गाणं आपल्याकडे घ्यायचं, ज्याला वाजवायचं असेल त्याला परवानगी द्यायची, मिळेल ते गीतकाराला पोचवायचं, आणि कोणी न विचारता वापरलं तर त्याच्या मानगुटीवर बसायचं. सासरे गेले, धंदा मुलीकडे आला, मुलीने नवऱ्याला खुर्चीत बसवलं, आणि गल्लीने त्यांचं बारसं करून टाकलं : जावईबापू. टपाल आणणारासुद्धा याच नावाने हाक मारायचा. लोक घरजावई होतात, हे धंदाजावई झाले. हे नाव त्यांना आतून झोंबायचं. पण तक्रार करणार कोणाकडे? बायकोकडे?

"तुला फोन केला होता," बाई म्हणाल्या. "एकदा नाही, कितीदा तरी. उचलतात, 'थांबा' म्हणतात आणि माझंच गाणं मला ऐकवत बसतात. शेवटी चालत आले."

"ते मी मुद्दाम लावलंय बाई. चार लोकांच्या कानांवर पडावं म्हणून."

हे खोटं नव्हतं. फोनवर थांबवलेल्या माणसाला बाईंच्या गाण्याचं ध्रुवपद ऐकू येईल, अशी व्यवस्था त्यांनी स्वतः करून घेतली होती. आणि माणसाला थांबवणं, हे तर कंपनीचं धोरणच होतं. मोठी माणसं पटकन फोनवर येत नाहीत, हे जावईबापूंनी आयुष्यभर लोकांना फोन करकरून पाहिलं होतं. तेव्हा आपणही पटकन यायचं नाही. बाहेरच्या खोलीत फोन घेणाऱ्या ताई होत्या, त्यांना सक्त ताकीद होती : कोणीही असो, आधी 'थांबा' म्हणायचं. ताई भारी आज्ञाधारक. 'थांबा' म्हणायच्या आणि विणकाम हातात घ्यायच्या.

"माझं गाणं गाड्या मागे घेताना वाजतंय," बाई म्हणाल्या.

"कुठे वाजतंय?"

"गाड्यांच्या मागच्या बाजूला. रिव्हर्स हॉर्न का काय म्हणतात त्यात. परवा भाजी घेऊन येत होते. मागून माझं गाणं आलं. मला वाटलं, कोणीतरी गुणगुणतंय. बरं वाटलं रे. हसत हसत वळले, तर अंगावर मोटार. या वयात पिशवीसकट उडी मारली मी."

जावईबापू "अरे अरे" म्हणाले.

"करारात काय आहे?" बाईंनी विचारलं. आवाज अगदी फळ्यासमोरचा.

"गाण्याचं संरक्षण करायचं."

"कोणी?"

"आम्ही."

"नाही केलं तर?"

"गाणं तुम्हाला परत."

"महिनाअखेरीपर्यंत वाट बघते," म्हणून बाई उठल्या.

आता हे काही साधं प्रकरण नव्हतं. कंपनीकडे गाणी म्हणाल तर कपाटभर, पण त्यांतली निम्मी साबणाच्या जाहिरातींची, उरलेली कोणाकोणाच्या शाळांची. ज्याचं नाव घेतलं की लोक "अरे वा, ते तुमचं?" म्हणत असं गाणं एकच, बाईंनी स्वतः रचलेलं. सासऱ्यांना ते जिवापाड प्रिय. ते गेलं तर बायको काय म्हणेल, या विचाराने जावईबापूंची भाजलेली मांडी एकदम गार पडली. "चोराला सोडत नाही!" ते दाराशी जाऊन मोठ्याने म्हणाले. बाई तोवर जिना उतरून गेल्या होत्या. ताईंनी मात्र विणकामातून मान वर करून पाहिलं.

चोर शोधायला लांब जावं लागलं नाही. शेजारच्या दातांच्या डॉक्टरांच्या गाडीतच तो वाजत होता. रोज सकाळी वाजत होता, आणि जावईबापू रोज सकाळी त्याच वेळी दाढी करत होते. हे ध्यानात आल्यावर त्यांना पहिल्यांदा जराशी लाज वाटली. पण ती थोडीच होती, त्यांनी ती साबणाबरोबर धुऊन टाकली.

"डॉक्टर, जरा गाडी मागे घेता का?"

"अडते का कोणाला?"

"नाही हो, ऐकायची आहे."

डॉक्टर तसे भले गृहस्थ, पण गल्लीत गुपचूप काही करायची सोय कुठे असते? डॉक्टर गाडीत बसेपर्यंत कायदेकाका हजर. हे गृहस्थ कोर्टात कारकून होते आणि निवृत्त झाल्यापासून कायदा नुसता अंगात मुरल्यामुळे फार अस्वस्थ असत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"नुसता आवाज रेकॉर्ड करून काही होत नाही जावईबापू. उद्या तो म्हणेल, तुम्ही घरी बसून वाजवलं. गाण्याचा आवाज आणि गाडीची नंबरप्लेट, दोन्ही एकाच वेळी आलं पाहिजे. पुरावा म्हणजे पुरावा."

"म्हणजे मी गाडीच्या मागे उभं राहायचं?"

"अगदी मधोमध."

पहिल्या खेपेला आवाज आला, पण त्यावर डॉक्टरांचं "येतंय का?" आलं. दुसऱ्या खेपेला वरच्या मजल्यावरच्या काकूंनी "काय हरवलंय का हो?" असं विचारून पुरावा नासवला. तिसऱ्या खेपेपर्यंत निम्मी गल्ली गोळा झाली होती. आणि माणसांचा एक स्वभाव आहे, गाडी मागे येताना दिसली की ती कोणाचीही असो, त्यांना हात हलवल्याशिवाय राहवत नाही. "येऊ द्या, येऊ द्या! अजून येऊ द्या! भरपूर जागा आहे!" डॉक्टरांनी लोकांवर भरवसा ठेवला. जावईबापूंनी कायदेकाकांवर ठेवला. नंबरप्लेटवर मोबाइलचा नेम धरून ते एक एक पाऊल मागे सरकत राहिले, आणि खालच्या बागेत त्याच काकूंनी पालापाचोळा कुजवायला केलेला खड्डा होता, त्यात जाऊन बसले.

पुरावा मात्र उत्तम आला. आधी गाणं, मग नंबरप्लेट, मग आभाळ, आणि "आई गं!" हा आवाज, जो नंतर गल्लीतल्या प्रत्येकाने ओळखला. डॉक्टरांनी धावत येऊन आधी त्यांचे दात तपासले. ज्याची त्याची सवय.

"बाबा नोटीस पाठवायचे," बायको रात्रीचं जेवण वाढताना म्हणाली. "स्वतः गाडीखाली जायचे नाहीत."

"गाडीखाली नाही, खड्ड्यात गेलो."

"तेच ते. शर्ट भिजत घातलाय. वास जाईल असं वाटत नाही."

जावईबापूंनी पानात मान घातली. ती गॅलरीतून सगळं बघत होती हे त्यांना ठाऊक होतं, आणि हसली नाही हेही. हसली असती तर बरं झालं असतं.

हक्कांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयात ते गेले ते दुसऱ्या शर्टात आणि खड्ड्यात कमावलेल्या लंगडण्यासह. साहेबांनी मोबाइलवरचा पुरावा पाहिला. पुन्हा पाहिला. मग शेजारच्या टेबलावरच्या साहेबांना बोलावून त्यांनाही दाखवला. "आई गं"पाशी दोघेही फार गंभीर झाले, इतके की एकाला रुमाल काढावा लागला.

"यात मला अपघात दिसतो," साहेब म्हणाले. "तो आमच्याकडे येत नाही. खालच्या मजल्यावर चौकशी करा."

"साहेब, गाणं ऐका ना. ते आमचं आहे."

"कशावरून?"

"गाऊन दाखवू?"

आता, गाण्यांचा प्रकाशक म्हणजे गाता गळा असेल असा काही नियम नाही. हलवाई काय जाडच असतो? पण वेळ आली होती, तेव्हा जावईबापूंनी घसा साफ केला, डोळे मिटले आणि भर कार्यालयात सुरू केलं :

वळणावरुनी मागे ये रे, मागे फिरुनी ये
राहुन गेले येथे काही, घेउन जाया ये

डोळे उघडले तर पाठीमागून चहा घेऊन येणारा शिपाई ट्रेसकट भिंतीला चिकटून उभा. पलीकडच्या टेबलावरच्या कारकून बाईंनी पाय उचलून खुर्ची आत ओढून घेतलेली. खुद्द साहेबांनी टेबलावरून कोपरं काढून घेतली होती. जावईबापू आनंदाने फुलले. याहून आणखी काय सिद्ध करायचं राहिलं?

"चाल ओळखीची आहे खरी," साहेब सावकाश म्हणाले. "पण आम्ही सगळ्यांनी ती ओळखली हॉर्नमुळे. तेव्हा हॉर्नवाल्याचं गाणं तुम्ही उचललं नाहीत, हे कशावरून?"

जावईबापूंचा चेहरा उतरला तो बघून साहेबांनाही वाईट वाटलं असावं. त्यांनी त्यांना चहा दिला आणि समजावून सांगितलं, की नोंद वगैरे सगळं आहे, काळजी नको, पण आधी बनवणाऱ्याकडे जा, साक्षीदार घेऊन जा, त्याचं म्हणणं काय आहे ते ऐका, मग या. जावईबापू बाहेर पडताना त्यांच्या पाठीमागे कोणीतरी हळूच "येऊ द्या, येऊ द्या" म्हणालं. पुरावा त्या मजल्यावर बऱ्याच टेबलांवर फिरला होता.

हॉर्नच्या खोक्यावर कारखान्याचा पत्ता होताच. जावईबापूंनी जाताना सासऱ्यांचा कोट घातला. खांद्यांत तो सैल होता, पण दरारा त्यांच्या खांद्यांत नव्हता म्हणून तर कोट घातला. साक्षीदार म्हणून कायदेकाका निघाले, तेही इस्त्री केलेल्या कपड्यांत. वाटेत त्यांनी शिकवून ठेवलं : "तुम्ही फक्त नाव सांगा आणि गप्प उभे राहा. गुन्हेगार आपोआप बोलायला लागतो."

कारखाना म्हणजे एक लांबट खोली. दोन्ही बाजूंना टेबलं, टेबलांवर तारांची भेंडोळी, आणि मुली मान खाली घालून तारांना डाग देत बसलेल्या. मालक आतून आला. गोल चेहरा, हसतमुख, हातात जेवणाचा डबा. गुन्हेगारासारखा अजिबात दिसेना.

जावईबापूंनी नाव सांगितलं, कंपनीचं नाव सांगितलं आणि ठरल्याप्रमाणे गप्प उभे राहिले.

"अहो, तुम्ही!" मालकाने डबा टेबलावर ठेवला आणि त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. "जावईबापू ना? अहो किती शोधलं मी तुम्हाला! मुलींनो, हे बघा कोण आलंय. फोनवाले!"

खोलीभर माना वर झाल्या. मुली त्यांच्याकडे बघून ओळखीचं हसल्या. कायदेकाकांनी जावईबापूंकडे पाहिलं. जावईबापूंनी छताकडे पाहिलं.

"त्याचं काय झालं," हॉर्नवाल्याने खुर्च्या मागवल्या आणि सांगायला सुरुवात केली, "मला हॉर्नमध्ये एखादं चांगलं गाणं हवं होतं. ते कुई कुई करणारे हॉर्न मला आवडत नाहीत, माणूस घाबरतो. पण म्हटलं, रीतसर विचारून घ्यायचं. आमच्या वडिलांची शिकवण, दुसऱ्याच्या झाडाची कैरीसुद्धा विचारून तोडायची. कोणीतरी 'जावईबापूंना विचारा' म्हणून तुमचा नंबर दिला. फोन केला. ताई म्हणाल्या, 'थांबा'. थांबलो. हे गाणं लागलं. बराच वेळ ऐकलं. मग फोन कटला. दुसऱ्या दिवशी पुन्हा केला. 'थांबा'. पुन्हा गाणं. असं करता करता पावसाळा गेला साहेब. मग मी काय करायचो, फोन लावायचो आणि मोठ्याने लावून टेबलावर ठेवून द्यायचो. तुमची वाटही बघून होते, कामही होतं. मुलींना गाणं पाठ झालं. एवढं गोड गाणं! काम करता करता सगळ्या गुणगुणायच्या."

"पण परवानगी?" कायदेकाका म्हणाले.

"तेच सांगतो ना. एक दिवस धीर करून ताईंना विचारलं, 'ताई, हेच गाणं घेतलं तर चालेल का?' ताई म्हणाल्या, 'थांबा'. आणि पुन्हा तेच गाणं लागलं." हॉर्नवाल्याने हात पसरले. "मी म्हटलं, आता माणसाने आणखी किती स्पष्ट सांगायचं? मोठी माणसं स्वतः बोलत नाहीत, सुचवतात. हे सुचवताहेत की बाबा, हेच घे."

कायदेकाकांनी खुर्ची थोडी सरकवली. आतापर्यंत ते जावईबापूंच्या शेजारी बसले होते, आता ते दोघांच्या मध्ये बसले.

जावईबापूंना मात्र घाम फुटला. कोट काढावा तर आत शर्ट भिजलेला. खड्ड्यात पडले ती फजिती होती, सरकारी कार्यालयात गायले तीही फजितीच. फजिती चारचौघांत होते आणि चारचौघांबरोबर हसून विसरता येते. हे तसं नव्हतं. इथे त्यांना कोणी हसत नव्हतं. समोरचा माणूस तर त्यांचे आभारच मानत होता. चोराला पकडायला आले होते, आणि चोराने महिनोन् महिने त्यांचंच दार ठोठावलं होतं. आत ते स्वतः पाय टाकून बसले होते, मोठा माणूस दिसावं म्हणून.

"काही बिघडलं नाही हो," हॉर्नवाला म्हणाला. "आज आलात ना? आजच परवानगी देऊन टाका. अटी तुम्ही सांगाल त्या."

"मागची तारीख टाका," कायदेकाका कानाशी लागले. "म्हणजे पहिल्यापासून परवानगी होतीच. बाईंना सांगायचं, चौकशी केली, सगळं रीतसर आहे. चोरी नाहीच, तर संरक्षण कशापासून करायचं? गाणं तुमच्याकडेच राहतं."

खरं सांगायचं तर जावईबापूंना ते पटलं. पटलं म्हणजे काय, त्यांचा हात खिशातल्या पेनाकडे गेलासुद्धा. बायको, ऑफिसातला सासऱ्यांचा फोटो, बाईंचा फळ्यासमोरचा आवाज, सगळं एका सहीत मिटत होतं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात पाठीमागच्या टेबलावर एका मुलीने तयार झालेला हॉर्न तपासायला वाजवला. आणि जावईबापू खुर्चीतून उडून बाजूला झाले. थेट भिंतीला जाऊन टेकले, पेनासकट.

मुली हसल्या. हॉर्नवाला हसला. "सवय होते माणसाला," तो म्हणाला.

जावईबापू भिंतीशीच उभे राहिले. ज्या गाण्याची राखण करायची, त्याच गाण्यापासून आपण अंग चोरून पळालो. बाई निदान आधी हसत वळल्या होत्या. आपल्याला तर गाणं ऐकू आलंच नाही, नुसती गाडी ऐकू आली. त्यांना इतकी शरम वाटली की क्षणभर त्यांना त्या मुलींपैकी एकीच्या टेबलाखाली जाऊन बसावंसं वाटलं.

"हॉर्नमधून काढून टाका हे," ते म्हणाले. "तुमची चूक नाही. चूक माझी आहे. पण काढून टाका."

"नव्यांतून काढतो, शब्द देतो," हॉर्नवाला म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. "पण जे रस्त्यावर गेले ते गेले साहेब. ते आता कुठून परत आणू?"

परतीच्या वाटेवर कायदेकाका एकच वाक्य बोलले, "कायद्याच्या दृष्टीने तुम्ही गाढवपणा केलात." जावईबापूंनी मान डोलावली. कायद्याच्या दृष्टीने एवढाच, खरा गाढवपणा तर फोनवर झाला होता, असं त्यांना वाटलं.

घरी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. सांगताना 'धोरण' हा शब्द त्यांनी टाळला, पण तिने तो बरोबर काढून दाखवला. मग ती बराच वेळ भाजी निवडत बसली.

"बाबा स्वतः फोन घ्यायचे," ती शेवटी म्हणाली. "जेवता जेवतासुद्धा उठायचे. चिडायची आई."

"मग मी काय करू आता?"

"मला काय विचारता? बाईंना जाऊन सांगा."

"अगं, गाणं जाईल."

"जाईल तर जाईल." एवढं म्हणून तिने निवडलेली भाजी पुन्हा निवडायला घेतली. जावईबापूंना दिसलं, की तिचे डोळे भरलेत. ते जास्त वेळ तिथे उभे राहू शकले नाहीत.

बाई दोन खोल्यांत एकट्या राहत. पुस्तकं, एक टेबल, खिडकीशी खुर्ची. जावईबापू येताना काहीतरी घेऊन जावं म्हणून फळांच्या दुकानाशी थांबले होते, पण गुन्हा कबूल करायला जाताना फळं न्यायची की नाही हे त्यांना ठरवता आलं नाही आणि ते तसेच आले. वाटेत त्यांनी कबुलीची चांगली तीन-चार वाक्यं जुळवली होती. दार उघडल्याबरोबर ती सगळी पळाली आणि जे निघालं ते असं निघालं :

"बाई, चोर मीच आहे."

"आत ये. चपला बाहेर काढ."

मग त्यांनी पहिल्यापासून सांगितलं. ताई, 'थांबा', हॉर्नवाला, त्याच्या वडिलांची कैरी, मागची तारीख, पेनाचं टोपण. भिंतीला चिकटल्याचंही सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती, पण आता काही राखून ठेवावंसं वाटेना. बाई मध्ये एकदाही बोलल्या नाहीत. शाळेतही उत्तर चुकत चाललं की अशाच ऐकत राहायच्या, शेवटपर्यंत.

"हॉर्नमध्ये फक्त ध्रुवपद आहे ना?" त्यांनी विचारलं.

"हो. फोनवर तेवढंच होतं. मीच तेवढं घातलं होतं."

"म्हणजे कडवं तरी वाचलं." बाई जरा सैल बसल्या. "म्हण बघू."

"काय?"

"कडवं. एकच आहे."

जावईबापू उठून उभे राहिले. कोणी सांगितलं नव्हतं, पाय आपोआप उभे राहिले. हात पाठीमागे गेले. त्यांनी तोंड उघडलं. ध्रुवपद मनात एकदा म्हणून पाहिलं, की त्या धक्क्याने पुढचं येईल. आलं नाही. येणार कुठून? ते विसरले नव्हते. त्यांनी ते कधी ऐकलंच नव्हतं. सासऱ्यांच्या शोकसभेत त्यांनी या गाण्याबद्दल भाषण केलं होतं. "या गाण्यात अवघं जीवन आहे," म्हणाले होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

खाली कोणाची तरी गाडी गेली. जावईबापूंचे कान तापले, मान खाली गेली, आणि त्यांना वाटलं, आता बाईंनी एक थोबाडीत द्यावी, म्हणजे सुटू.

बाई रागावल्या नाहीत.

"माझा धाकटा भाऊ," त्या म्हणाल्या, "भांडून घरातून गेला. चूक माझी होती. तोंडाने बोलवायला मला जमेना, म्हणून गाणं केलं. तुझ्या सासऱ्यांनी खटपट करून रेडिओवर लावलं. पण वेळ संपत आली होती, त्यांनी ध्रुवपद वाजवलं आणि बातम्या सुरू केल्या. भावाने ते ऐकलं. 'राहुन गेले येथे काही, घेउन जाया ये.' त्याला वाटलं, ताई सामान न्यायला सांगतेय."

"मग?"

"मग आला. सामान घेऊन गेला."

जावईबापूंचे पाठीमागचे हात सुटून खाली आले.

"तुझे सासरे त्यानंतर कडव्याशिवाय कोणाला गाणं देत नसत. अर्धं मागायला कोणी आला तर हाकलून द्यायचे. ते राखणं होतं रे." बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "गाणं मी परत घेते."

"हो बाई."

"वाद घालायचा नाही?"

"नाही बाई."

"मग बस आता. मी सांगते तसं म्हण."

"आता कशाला बाई?" जावईबापूंचा आवाज चिरका झाला होता. "आता ते माझ्याकडे नाही."

"म्हणूनच. आता तुला त्यातून काही मिळायचं नाही. आता म्हण."

बाईंनी ओळी सांगितल्या. जावईबापू खुर्चीच्या कडेला बसून म्हणू लागले. पहिली ओळ चुकली. "पुन्हा," बाई म्हणाल्या. दुसऱ्यांदा शब्द आले, चाल गेली. "पुन्हा." तिसऱ्यांदा बरं जमलं :

काही नसले राहुन गेले, तरी बहाणा कर
हात रिकामे

इथे ते आपल्या हातांकडे बघत राहिले. ओळ पाठ होती, पण पुढे नेता येईना. या खेपेला बाई 'पुन्हा' म्हणाल्या नाहीत. त्यांनी स्वतःच, थकलेल्या पण सुरातल्या आवाजात, ओळ उचलली :

हात रिकामे घेउन ये तू, उघडे आहे घर

आणि मानेनेच खूण केली, की माझ्याबरोबर म्हण. जावईबापूंनी नाक पुसलं आणि म्हणायला लागले.